मोटारसायकलीचा ऑइल फिल्टर आणि आपला शेतकरी

बैल लंगडूं लागला म्हणजे शेतकऱ्यास कोणी सांगावें लागत नाहीं. तो खूर उचलून पाहतो, रुतलेला खडा काढतो आणि मगच जूं त्याच्या मानेवर ठेवतो. मोटारसायकलीच्या इंजिनांत खडा शिरला तर मात्र ती लंगडत नाहीं. ती कित्येक महिने पूर्वीसारखीच धांवते. आणि मग एखाद्या वर्षीं, मृगाचा पाऊस पडून बियाणें आणण्याची घाई उडाली असतां, निळसर धूर सोडूं लागते, किंवा रस्त्यांतच जाम होऊन उभी राहते. मेकॅनिक इंजिन उघडतो आणि पिस्टन व सिलिंडर यांवरील ओरखडे दाखवितो. ते ओरखडे त्या दिवसाचे नसतात. मागल्या दोन-तीन वर्षांच्या मळक्या तेलानें ते हळूहळू पाडलेले असतात.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. तालुक्याहून बियाण्याची पिशवी आणणें, दुधाचे कॅन डेअरीवर पोंचविणें, फवारणीचा पंप शेतावर नेणें, मुलांस शाळेंत सोडणें आणि लातूरच्या आडत बाजारांत सोयाबीनचा किंवा तुरीचा भाव पाहून येणें, हीं सर्व कामें तिच्याच जिवावर होतात. आज तिची किंमत लाखाच्या घरांत गेली आहे आणि पुष्कळ ठिकाणीं ती हप्त्यांवर घेतलेली असते. अशा वस्तूचें आयुष्य ज्या एका लहानशा भागावर अवलंबून आहे, त्या ऑइल फिल्टरविषयीं आपल्यांतील बहुतेकांची माहिती मेकॅनिक सांगेल तेवढीच असते. ही स्थिति बदलली पाहिजे, असें आमचें मत आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, फिल्टरची निवड दुकानाच्या फळीपुढें उभें राहून होत नाहीं. "कोणता फिल्टर चांगला?" हा प्रश्न दुसरा आहे. "माझ्या गाडींत कोणत्या जातीचा फिल्टर आहे?" हा पहिला. पहिल्याचें उत्तर ठाऊक नसतां दुसऱ्याकडे वळणारा शेतकरी एक तर भलताच माल घेतो, किंवा जें करावयास हवें तें न करतां निश्चिंत राहतो.

जुनी संवय कोठून आली

या निष्काळजीपणास एक इतिहास आहे. आपल्या गांवांत दुचाकी आली ती प्रथम टू-स्ट्रोक इंजिनाची. १९७२ मध्यें निघालेली लुना, दूधवाल्यांची आवडती राजदूत, आणि त्यानंतरची बजाजची एम-८०, या साऱ्या गाड्यांत इंजिनाचें तेल पेट्रोलांत मिसळून जळून जात असे. तें पुन्हां पुन्हां फिरत नव्हतें. म्हणून तें गाळण्याचाहि प्रश्न नव्हता. गिअरचें तेल वेगळें असे व तें क्वचित् बदललें तरी चाले. तेल घालावें आणि धूर सोडीत निघावें, इतकेंच त्या पिढीस ठाऊक होतें आणि त्या गाड्यांपुरतें तें पुरेसेंहि होतें.

१९८५ मध्यें हिरो होंडाची सीडी-१०० ही फोर-स्ट्रोक गाडी आली. १९९४ मध्यें स्प्लेंडर आली. २००१ मध्यें बजाजची पल्सर आली. आपल्या मराठवाड्यांतहि वाळूज येथें १९८५ पासून बजाजचा कारखाना चालूं झाला होता. २००० सालानंतर धुराविषयींचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली हळूहळू बाजारांतून गेल्या. नव्या इंजिनाची रीत अगदीं वेगळी आहे. त्यांतील लिटर-सवालिटर तेल जळून जात नाहीं. तेंच तेल पंपानें वर चढतें, पिस्टन, क्रँक, कॅम, गिअर आणि क्लच या सर्वांस न्हाऊं घालून पुन्हां खालीं येतें, आणि हा फेरा चालूंच राहतो. टाकी भरा, झांकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची सीडी-१०० ची जाहिरात त्या काळीं घरोघर माहीत झाली होती. ती पेट्रोलाविषयीं होती. आपल्या लोकांनीं ती तेलासहि लावली! गाडी बदलली, संवय मात्र तीच राहिली.

तेलांत घाण येते कोठून

कोणी विचारील कीं, बंद इंजिनांत घाण शिरते कशी? तिचे तीन मार्ग आहेत. पहिला, धातूवर धातु घासून निघणारा चुरा. नव्या गाडींत तो अधिक असतो, म्हणूनच पहिलें तेल लवकर बदलावयास सांगतात. दुसरा, पेट्रोल जळतांना होणारी काजळी. तिसरा मार्ग आपल्या भागांत सर्वांत मोठा, आणि तो म्हणजे धूळ. उन्हाळ्यांत मुरमाच्या पाणंदींतून जाणारी गाडी आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत मळणीयंत्राशेजारीं उभी असलेली गाडी किती धूळ खाते, हें सांगणें नको. एअर फिल्टर फाटका किंवा चोंदलेला असेल तर ही धूळ हवेबरोबर सिलिंडरांत जाते आणि तेथून तेलांत उतरते. मुरमाच्या धुळींतील कण खनिजांचे असतात. ते तेलांत मिसळले कीं तेल वंगणाचें काम सोडून कानशीचें काम करूं लागतें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. एअर फिल्टर हा वेशीचा दरवाजा आहे, आणि ऑइल फिल्टर हा घरांतला राखणदार. वेस उघडी टाकून राखणदारास दोष देण्यांत अर्थ नाहीं. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर लवकर लवकर पाहिल्याशिवाय उत्तम ऑइल फिल्टरहि फार काळ टिकणार नाहीं.

फिल्टरच्या तीन जाती

आतां मुख्य मुद्दा. आपल्याकडे चालणाऱ्या मोटारसायकलींत तेल गाळण्याच्या तीन रीती आढळतात.

पहिली तारेच्या जाळीची. तेलाचा पंप जेथून तेल ओढतो तेथें ही बारीक जाळी बसविलेली असते. ती मोठे कण, गॅस्केटचे तुकडे, धातूची किरचें एवढेंच अडविते. ही जाळी धुऊन पुन्हां बसवितां येते. फाटली असेल तरच बदलावी लागते.

दुसरी रीत फिरत्या वाटीची. गोफण फिरवितांना दगड बाहेरच्या अंगास ओढ घेतो, हें आपण सर्व जाणतों. तीच युक्ति येथें केली आहे. क्रँकच्या टोकास एक वाटी बसविलेली असून ती क्रँकच्याच वेगानें फिरते. तीमधून तेल जात असतां जड कण बाहेर फेंकले जाऊन वाटीच्या कडेस चिकटतात आणि स्वच्छ तेल पुढें जातें. पुष्कळ दिवस न उघडलेली वाटी पाहिली तर तींत काळ्या चिखलासारखा घट्ट थर बसलेला दिसतो. वाटी भरत आली कीं तिचें काम मंदावतें.

तिसरी रीत कागदी फिल्टरची. घड्या घातलेल्या विशेष कागदाची ही गोल नळी असते. मोटारगाड्यांस तेलाचा फिल्टर लावण्याची कल्पना अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलँड यानें १९२३ च्या सुमारास व्यवहारांत आणली. आजचा कागदी फिल्टर हा त्याच वंशांतला होय. सुमारें २० ते ४० मायक्रॉन जाडीचे कण असा कागद बहुतांशीं अडवितो. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. हा फिल्टर धुवावयाचा नसतो. मुदत भरली कीं टाकावयाचा असतो.

आतां आपल्या दाराशीं उभी असलेली गाडी यांपैकीं कोणत्या जातीची, हें पाहावें. स्प्लेंडर आणि तिच्या वर्गांतील शंभर सीसीच्या गाड्या, तसेंच होंडा शाइन, यांत पहिल्या दोन रीती असतात. कागदी फिल्टर नसतो. पल्सर १५०, अपाचे, आणि २००९ नंतरच्या नव्या इंजिनाच्या रॉयल एनफिल्ड यांत कागदी फिल्टर असतो. एकाच नांवाच्या गाडींतहि वर्षागणिक फरक पडतो; म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका हाच शेवटचा आधार समजावा. पुस्तिका हरवली असेल तर गाडीचें नांव, सीसी आणि कोणत्या सालची गाडी हें सांगून शोरूममध्यें विचारावें.

यावरून असें दिसेल कीं, आपल्या गांवांत पुष्कळ शेतकऱ्यांस फिल्टर विकत घेण्याचें कारणच नाहीं. त्यांचें काम निराळें आहे: वाटी आणि जाळी साफ करवून घेणें. आणि येथेंच सर्वांत अधिक हयगय होते. या दोन्ही वस्तु बहुतेक इंजिनाच्या उजव्या झांकणाच्या आंत असतात. झांकण काढावयाचें म्हणजे वेळ जातो, नवें गॅस्केट लागतें, आणि त्याची मजुरी देण्यास गिऱ्हाईक तयार नसतें. तेव्हां मेकॅनिक खालचा बोल्ट काढून तेल बदलून देतो आणि गाडी "सर्व्हिसिंग" होऊन घरीं येते. नवें तेल जुन्या चिखलावर पडतें. साधारण बारा-पंधरा हजार किलोमीटरला, किंवा आपल्या पुस्तिकेंत जो आंकडा असेल त्याला, झांकण उघडून वाटी पुसून घेण्याचा आग्रह गिऱ्हाइकानेंच धरला पाहिजे. उलट, ज्या गाडीस कागदी फिल्टर नाहीं तिच्या बिलांत फिल्टरची रक्कम दिसली, तर तिचें कारणहि निःसंकोचपणें विचारावें.

विकत घेतांना काय पाहावें

ज्यांच्या गाडींत कागदी फिल्टर आहे त्यांनीं पुढील गोष्टी पाहाव्या.

१. आकारावर विश्वास ठेवूं नये. दोन फिल्टर डोळ्यांस सारखे दिसतात. पण उंचींत दोन मिलिमीटर, भोंकाच्या व्यासांत एक मिलिमीटर फरक असला तरी तेल कागदांतून न जातां बाजूनें निसटतें. मग तो फिल्टर असून नसल्यासारखा. पुस्तिकेंतील किंवा जुन्या फिल्टरवरील भाग-क्रमांक कागदावर लिहून न्यावा आणि तो जुळवूनच घ्यावा.

२. बायपास झडपेचा विचार करावा. कागद चोंदला किंवा तेल थंडीनें घट्ट असलें, तर इंजिन कोरडें पडूं नये म्हणून एक झडप उघडते आणि तेल न गाळतां पुढें जातें. ही झडप कांहीं गाड्यांत इंजिनांत असते, कांहींत फिल्टरमध्यें. तिचा दाब कंपनीनें ठरविलेला असतो. भलत्या गाडीच्या फिल्टरांत झडप नसेल किंवा हलकी असेल, तर एक तर इंजिन उपाशी राहील, नाहीं तर नेहमींच मळकें तेल पिईल.

३. "जितका बारीक तितका चांगला" हा समज सोडावा. ज्वारीचें पीठ चाळण्याची चाळण आणि वाळू चाळण्याची चाळण एक नसते. फार बारीक कागद लवकर चोंदतो, आणि चोंदला कीं वर सांगितलेली झडप उघडीच राहते. आपल्या पंपाच्या जोरास मानवेल तीच चाळण योग्य.

४. माल हातांत घेऊन पाहावा. कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर आहेत काय, दोन्ही टोकांस डिंक सर्वत्र लागला आहे काय, रबर मऊ आहे कीं ताठरलें आहे, खोक्यावर बनविणाऱ्याचें नांव, भाग-क्रमांक, महिना-वर्ष व किंमत स्पष्ट छापली आहे काय, हें पाहण्यास दोन मिनिटें पुरतात. खोक्यावरील अक्षरें पुसट, आणि दुकानदार पावती देण्यास नाखूष, असें दिसलें तर तें दुकान सोडावें.

५. बसवितांना शक्य तर जवळ उभें राहावें. कांहीं गाड्यांत फिल्टरची एक बाजू बाहेर ठेवावयाची असते आणि तसें त्यावर छापलेलेंहि असतें. उलटा बसला तर तेलाची वाट अडते. मागची स्प्रिंग आणि झांकणाची रबरी रिंग विसरतां कामा नये. इंजिनाचें कवच ॲल्युमिनियमचें असतें. बोल्ट जोर लावून आंवळला तर आटे जातात आणि मग शंभर रुपयांच्या कामाचे हजार होतात. काम झाल्यावर गाडी दोन मिनिटें चालूं ठेवून तेल कोठें पाझरत नाहीं ना, आणि पातळी खुणेबरोबर आहे ना, हें पाहावें.

फिल्टरइतकाच तेलाचाहि विचार व्हावा. ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर आहे त्यांच्याकडे तेलाचा डबा असतोच, आणि त्यांतलेंच मोटारसायकलींत ओतण्याचा मोह होतो. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलांत भिजलेला असतो. ट्रॅक्टर किंवा मोटारगाडी यांची तशी स्थिति नसते. मोटारगाडीच्या पुष्कळ तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें असतात, त्यांमुळें मोटारसायकलीचा क्लच घसरूं लागतो. म्हणून पुस्तिकेंत सांगितलेल्या जाडीचें, आणि "जासो एम-ए" अशी खूण असलेलें तेलच घालावें.

कांहीं आक्षेप

"आमची गाडी आजवर कांहीं न करतां चालली," असें सांगणारे भेटतात. ती चालली हें खरें. परंतु तिचें आयुष्य किती उरलें, हें त्यांस दिसत नाहीं. जमिनीचा कस उतरतो तोहि पहिल्या वर्षीं दिसत नाहीं.

"कागदी फिल्टर झटकून, पेट्रोलनें धुऊन पुन्हां लावला तर काय बिघडतें?" असा दुसरा प्रश्न. धुण्यानें वरची घाण जाते, आंत रुतलेली जात नाहीं, हवेच्या झोतानें कागदास डोळ्यांस न दिसणारीं भोंकें पडतात, डिंक सुटतो. ज्या वस्तूची किंमत सामान्यतः शे-दीडशे रुपयांच्या आंतबाहेर आहे, ती धुऊन वापरणें ही काटकसर नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. मूळ कंपनीच्या खोक्यांतलाच फिल्टर घ्यावा, असा आग्रह कशासाठीं? आमचा तसा आग्रह नाहीं. मोटारसायकलीचे कारखाने बहुतेक सुटे भाग दुसऱ्या कारखान्यांकडून घेतात. फिल्टर बनविणारे तेच कारखाने आपल्या नांवानेंहि माल विकतात. नांवाजलेल्या फिल्टर-कारखान्याचा, बरोबर क्रमांकाचा आणि पावतीसह घेतलेला माल स्वस्त मिळत असेल तर तो जरूर घ्यावा. आमचा विरोध बिननांवाच्या आणि "बसतो, चालून जाईल" अशा मालास आहे.

फिल्टर प्रत्येक तेलाबरोबर बदलावा कीं दोन तेलांमागें एकदां, याविषयीं निरनिराळ्या कंपन्यांचें सांगणें निराळें आहे. तेथें पुस्तिका प्रमाण. मात्र पुस्तिकेंत धुळीच्या प्रदेशासाठीं बहुधा वेगळी, जवळची मुदत दिलेली असते. आपली पाणंद पाहतां तीच आपली मुदत होय.

पुराचें पाणी लागलें असतां

गेल्या कांहीं वर्षांच्या पावसानें आणखी एक शिकवण दिली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्यें नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यांत लेंडी नदीच्या कांठच्या गांवांत पाणी शिरून माणसें आणि जनावरें गेलीं. त्या हानीपुढें गाड्यांची कथा ती काय! तथापि वांचलेल्या कुटुंबास पुन्हां उभें राहण्यास गाडी लागतेच. बुडालेली गाडी किक मारून चालूं होते कीं काय, हें पाहण्याची घाई करूं नये. प्रथम तेल पाहावें. तें दुधाळ, ताकासारखें दिसलें तर त्यांत पाणी आहे. तें सर्व काढून टाकावें. कागदी फिल्टर असल्यास तो टाकूनच द्यावा, कारण भिजून फुगलेला कागद तेलास वाट देत नाहीं. नवें तेल घालून थोडा वेळ इंजिन चालवावें, आणि तें पुन्हां दुधाळ झाल्यास पुन्हां बदलावें. हा खर्च जिवावर येतो, परंतु इंजिन वांचवितो.

संघानें काय करावें

एकट्या शेतकऱ्यानें सावध राहावें, एवढें सांगून आम्ही थांबत नाहीं. बियाणें आणि खतें यांबाबत आपण एकत्र खरेदीचा फायदा ओळखला आहे. तोच येथेंहि लागूं करावा. आपल्या भागांत चालणाऱ्या प्रमुख गाड्या, त्यांत फिल्टर कोणत्या जातीचा, त्याचा क्रमांक कोणता, तेल कोणतें व किती, आणि मुदत किती किलोमीटरची, असा एक तक्ता पुस्तिकांवरून तयार करून प्रत्येक गांवच्या सोसायटींत टांगावा. फिल्टर, गॅस्केट आणि तेल यांची वर्षांतून दोनदां, मृगापूर्वीं व मळणी संपल्यावर, एकत्र मागणी नोंदवून पावतीसह माल घ्यावा. नांदेड व लातूर येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांस बोलावून गांवच्या होतकरू मुलांस वाटी व जाळी साफ करण्याचें काम प्रत्यक्ष दाखवावें. गांवांतच एक रोजगार उभा राहील.

आणखी एक कर्तव्य आहे. काढलेलें तेल बांधावर, ओढ्यांत किंवा विहिरीच्या कडेला ओतण्याची रीत सर्वत्र दिसते. ज्या जिल्ह्यास २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, त्या लातुरांत तरी पाण्याचा थेंब तेलानें नासूं नये. वापरलेल्या तेलाची व्यवस्था लावण्याची जबाबदारी एप्रिल २०२४ पासून कायद्यानें तेल-उत्पादकांवरहि टाकली आहे. गांवोगांव एक झांकणाचा पिंप ठेवून संघानें तें तेल अधिकृत संकलकाकडे देण्याची सोय करावी. जुना कागदी फिल्टरहि निथळून त्याच वाटेनें जावा.

या सूचनांस मोठें भांडवल लागत नाहीं. येत्या हंगामापूर्वीं प्रत्येक वाचकानें आपल्या गाडीची पुस्तिका शोधून काढावी, फिल्टरची जात आणि शेवटच्या सफाईचा किलोमीटर एका कागदावर लिहून तो कागद गाडीच्या डिकींत किंवा सीटखालीं ठेवावा. पुढच्या वेळीं गॅरेजांत गेल्यावर मेकॅनिकनें विचारण्याआधीं तो त्याच्या हातीं द्यावा. बैलाचा खूर आपण दुसऱ्यानें सांगेपर्यंत पाहावयाचा ठेवीत नाहीं. इंजिनाच्या बाबतींतहि तसेंच असावें.